चार विजयांचा संघ : पुणे वॉरियर्सची तीन वर्षं, 2011 ते 2013

इतिहासाच्या व्याख्यानात क्रिकेट कशाला, असं काही जणांनी सुरुवातीलाच विचारलं. तेही हरलेल्या संघाचं! आमचं उत्तर असं, की जिंकलेल्या संघाच्या आठवणी उरतात आणि हरलेल्या संघाची कागदपत्रं उरतात. कोणी किती पैसे थकवले, करार कोणी मोडला, कर्णधार का बदलला, हे सगळं पराभवानंतरच बाहेर येतं. आणि इतिहास वाचायचा तो कागदावरून.

आज आपण नंदुरबारात बसलोय. इथून सुरत जवळ आणि पुणे लांब. पण क्रिकेटच्या नकाशावर आपला जिल्हा पुण्याकडे आहे. महाराष्ट्रातून रणजीला तीन संघ उतरतात, मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. शहाद्याचा किंवा नवापूरचा एखादा पोरगा चांगला निघाला तर त्याला जायचं असतं ते या तिसऱ्या, पुण्यात कारभार असलेल्या संघाकडे. म्हणून 2010 मध्ये आयपीएलला पुण्याचा संघ मिळाला, तेव्हा कागदोपत्री तो आपलाही संघ होता. मनानं किती होता, ते पुढे बघू.

21 मार्च 2010 ला दोन नव्या संघांचा लिलाव झाला. सहारा समूहाने पुण्यासाठी 37 कोटी डॉलर मोजले, रुपयांत जवळपास 1,700 कोटी. हा आकडा किती मोठा? 2008 मध्ये सगळ्यांत महाग विकला गेलेला संघ मुंबईचा, 11 कोटी 19 लाख डॉलरना. म्हणजे दोन वर्षांत पुण्याला मुंबईच्या तिपटीहून जास्त किंमत आली. उलट 2008 चा सगळ्यांत स्वस्त संघ राजस्थानचा, 6 कोटी 70 लाखांचा, आणि पहिलं विजेतेपद त्यानेच नेलं. तेव्हा किंमत आणि खेळ यांचा थेट संबंध नाही, हे तेव्हाही दिसत होतं.

मग एवढे पैसे कशाच्या भरवशावर लावले? इथे थोडं गणित करावं लागेल. दहा संघ, प्रत्येकाने उरलेल्या नऊ संघांशी दोनदा खेळायचं, तर साखळीचे सामने होतात 90. वर बादफेरीचे चार. एकूण 94. सहाराचं म्हणणं असं होतं की आपण बोली लावली ती 94 सामने धरून. प्रत्यक्षात 2011 मध्ये सामने झाले 74. घरच्या मैदानावरचे नऊ सामने सातवर आले. तिकिटं, जाहिराती सगळंच त्या प्रमाणात घटलं, पण वर्षाचा हप्ता मात्र आहे तेवढाच राहिला. सहारा आणि क्रिकेट मंडळाचं भांडण सुरू झालं ते इथून, आणि ते संघाच्या शेवटच्या दिवसापर्यंत मिटलं नाही.

आता मैदानावर येऊ. पहिल्या मोसमात पुण्याच्या संघाला पुण्यात मैदानच नव्हतं! गहुंज्याचं स्टेडियम बांधून व्हायचं होतं, म्हणून घरचे सामने नवी मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. कर्णधार युवराज सिंग, नुकताच विश्वचषकाचा मालिकावीर ठरलेला. पहिले दोन सामने जिंकले. पंजाब, मग कोची. लोक म्हणाले, वा! त्यानंतर सलग सात पराभव. मोसमाअखेर 14 सामन्यांत चार विजय, नऊ पराभव, एक सामना अनिर्णित, आणि दहा संघांत नववा क्रमांक.

2012 मध्ये युवराज कर्करोगाच्या उपचारासाठी अमेरिकेत होता. 4 फेब्रुवारीला, ऐन खेळाडूंच्या लिलावाच्या दिवशी, सहाराने आयपीएलमधून आणि भारतीय संघाच्या प्रायोजकत्वातून अंग काढून घेत असल्याचं जाहीर केलं. तक्रारींत एक अशी होती की युवराज खेळणार नाही, तर त्याच्यावरचे 18 लाख डॉलर आम्हाला दुसरा खेळाडू घ्यायला वापरू द्या. काही दिवसांत समेट झाला आणि सहारा परतली. पण लिलाव होऊन गेला होता. बाकीचे संघ खेळाडू निवडत होते तेव्हा हा संघ टेबलावर नव्हता. आमच्या मते या संघाच्या इतिहासातला सगळ्यांत महागडा दिवस हाच.

कर्णधारपद आलं सौरव गांगुलीकडे. आधीच्या लिलावात ज्याला कोणी घेतलं नव्हतं, तोच गांगुली. आणि गंमत बघा, सुरुवात पुन्हा झकास. वानखेडेवर मुंबईला हरवलं, 8 एप्रिलला गहुंज्यात पहिलाच आयपीएल सामना, तोही जिंकला. पुढे चेन्नईला आणि दिल्लीला हरवलं. 21 एप्रिलपर्यंत सातपैकी चार विजय. मग एकही नाही. सलग नऊ पराभव. त्यातला 3 मेचा, घरच्या मैदानावर मुंबईशी झालेला, तर जिव्हारी लागणारा. मुंबईच्या फक्त 120 धावा, पुण्याच्या 119. दोन दिवसांनी कोलकात्यात ईडन गार्डनवर गांगुली पाहुण्या संघाचा कर्णधार म्हणून उतरला आणि अर्धं मैदान आपल्याच शहराच्या संघाविरुद्ध ओरडत होतं. तो सामनाही सात धावांनी गेला. गुणतक्त्यात पुणे तळाला.

2013 बद्दल लवकर आटपतो, कारण गोष्ट तीच आहे. पुन्हा 16 सामने, चार विजय, बारा पराभव. पुन्हा मध्येच नऊ सलग पराभव. एका मोसमात मॅथ्यूज, रॉस टेलर, ॲरन फिंच असे कर्णधार झाले. टेलरला संधी मिळाली, कारण श्रीलंकेच्या खेळाडूंना त्या वर्षी चेन्नईत खेळायला परवानगी नव्हती. 23 एप्रिलला बंगळुरूत ख्रिस गेलने 66 चेंडूंत नाबाद 175 केल्या, शतक तर 30 चेंडूंत. तो विक्रम सगळ्यांना पाठ असतो. समोर कोण गोलंदाजी करत होतं, हे विचारलं की लोक गप्प होतात. पुणे वॉरियर्स. 130 धावांनी हरले.

तीन वर्षांचा हिशेब 46 सामने, 12 विजय, 33 पराभव. दर वर्षी नेमके चार विजय!

अमेरिकेतलं एक उदाहरण सांगतो. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे हातात अंडाकृती चेंडू घेऊन पळतात त्या खेळात, टँपा बे नावाचा नवा संघ 1976 मध्ये आला. पहिल्या वर्षी 14 पैकी 14 हरला. पुढच्या वर्षीचे पहिले बाराही. सलग 26! पण त्या लीगमध्ये जो तळाला राहतो त्याला पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडायचा पहिला मान मिळतो, आणि प्रक्षेपणाचा पैसा सगळ्यांना सारखा वाटला जातो. 1979 मध्ये हाच संघ अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडे पोहोचला. म्हणजे हरणं तिथल्या व्यवस्थेने गृहीत धरलेलं आहे. आपल्याकडे पुण्याला तेवढी उसंत मिळाली नाही.

21 मे 2013 ला, मंडळाने हप्त्यापोटी बँक हमी वटवल्यावर, सहाराने संघ सोडत असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये मंडळाने करार रद्द केला. याच काळातली दुसरी तारीख शेजारी ठेवू. 31 ऑगस्ट 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे 24 हजार कोटींहून अधिक रुपये व्याजासह परत करायला सांगितलं. एकामुळे दुसरं झालं, असं आम्ही म्हणत नाही. पण सहाराचा पैसा यायचा तो देशभरातल्या छोट्या गावांतून, एजंटाच्या हातून, थोडा थोडा. आपल्यातल्या कोणाच्या घरी ते पासबुक असेल, तर 2011 च्या लिलावातला 18 लाख डॉलरचा आकडा त्याने वेगळ्या नजरेने वाचावा. गहुंज्याच्या स्टेडियमला सहाराचं नाव होतं, पैसे थकल्यावर तेही उतरलं.

खेळाडूंचं म्हणाल तर भुवनेश्वर कुमार तिन्ही वर्षं याच संघात होता. संघ मोडल्यावर हैदराबादकडे गेला आणि 2016, 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं स्पर्धेत सर्वाधिक बळी त्याचे.

आणि ज्या संघाशी आपला जिल्हा खरोखर जोडलेला आहे, त्याचं काय चाललं होतं? वॉरियर्सचा करार रद्द झाल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, जानेवारी 2014 मध्ये, महाराष्ट्राचा रणजी संघ वानखेडेवर मुंबईसमोर उपांत्यपूर्व सामन्यात 252 धावांचा पाठलाग करत होता. केदार जाधव नाबाद 120, आणि जालन्याचा विजय झोल, वय एकोणीस, नाबाद 91. आठ गडी राखून जिंकले. पुढे अंतिम सामन्यात कर्नाटककडून हरले. केदारच्या त्या मोसमात 1,223 धावा झाल्या. त्या संघाला कोणी 37 कोटी डॉलर मोजले नव्हते, आणि तो सामना आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला.