मिनोअन शैलीचे आधुनिक अलंकार

क्रीट बेटावरील कांस्ययुगीन मिनोअन संस्कृतीच्या (इ. स. पू. सुमारे ३०००–१४५०) सुवर्णकामावरून आणि एकूण कलेवरून बेतलेले विसाव्या शतकातील व नंतरचे दागिने. ‘मिनोअन’ हे नाव आर्थर एव्हान्स यांनी मिनोस या पौराणिक राजावरून रूढ केले. त्यांनी १९०० साली क्रीटवरील क्नॉसॉसच्या राजवाड्याचे उत्खनन हाती घेतले आणि तेथील भित्तिचित्रांनी युरोपला भुरळ घातली.

अस्सल मिनोअन दागिने मात्र फार थोडे उरले आहेत. सोन्यासाठी क्रीटची भिस्त आयातीवर होती, आणि बऱ्याच थडग्यांवर चोरांनी आधीच हात मारलेला होता. जे हाती लागले त्यात रिचर्ड सीगर यांना १९०८ मध्ये मॉक्लॉस बेटावर मिळालेल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या, पाने व फुले, आर्कालोखोरीच्या गुहेतील चिमुकल्या दुहेरी पात्याच्या कुऱ्हाडी आणि ब्रिटिश म्युझियममधील एजिना संचय ही ठळक नावे. एजिना संचय क्रीटबाहेर सापडलेला असला, तरी त्याची घडण मिनोअन वळणाची आहे.

या सर्वांत प्रसिद्ध आहे ते मालिया येथील पदक. क्रिसोलाकोस या दफनस्थळी फ्रेंच उत्खननकारांना सापडलेले हे पदक (इ. स. पू. सुमारे १८००–१६५०) आता हेराक्लिऑनच्या संग्रहालयात आहे. रुंदी जेमतेम पाच सेंटिमीटर. दोन मधमाश्या समोरासमोर वाकलेल्या, मधोमध रव्यांनी भरलेली गोल चकती, आणि पंखांच्या व नांग्यांच्या टोकांना लोंबणाऱ्या तीन टिकल्या. डोक्यांवर तारेचा इवला पिंजरा असून त्यात सोन्याचा एक मणी सुटा ठेवला आहे. चकतीला कोणी मधाचे पोळे म्हणतात. कीटक मधमाश्या नसून गांधीलमाश्या असाव्यात, असेही एक मत आहे. क्रीटमधील सराफी दुकानांत मात्र मधमाशीच विकली जाते.

नकलाकाराची खरी परीक्षा रवाकामात, म्हणजे सोन्याचे बारीक रवे पत्र्यावर जोडण्यात, होते. नेहमीची झाळ वापरली की ती वितळून रव्यांच्या मधल्या फटी भरते आणि नक्षी लिंपल्यासारखी दिसते. प्राचीन कारागिरांना ही अडचण कशी आली नाही, याचे पटणारे उत्तर १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये एच. ए. पी. लिटलडेल यांनी दिले. तांब्याचा क्षार डिंकात कालवून त्याने रवे चिकटवायचे. तापवल्यावर क्षाराचे तांब्याच्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते आणि डिंकाचा कोळसा होतो, तो ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो, आणि सुटे झालेले तांबे सुमारे ८९० अंश सेल्सिअसला, म्हणजे सोने वितळण्याच्या बऱ्याच आधी, सोन्याशी जुळते. रवा जागचा हलत नाही, सांधाही दिसत नाही.

या शैलीला बाजारात प्रतिष्ठा मिळवून दिली ती अथेन्सचे सुवर्णकार इलियास लालाऊनिस (१९२०–२०१३) यांनी. प्राचीन ग्रीक कलेवर आधारलेला त्यांचा पहिला संग्रह १९५७ मध्ये थेस्सालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय जत्रेत मांडला गेला. मिनोअन व मायसीनी आकृतिबंध त्यांच्या कामात पुढेही येत राहिले. रवाकाम, तारकाम, हातोडीने घडवलेला पत्रा व हाताने विणलेल्या साखळ्या या जुन्या रीती त्यांनी पुन्हा वापरात आणल्या. ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी असलेली त्यांची कार्यशाळा १९९४ पासून दागिन्यांचे संग्रहालय आहे.

‘मिनोअन’ म्हणून आज विकले जाणारे बरेच दागिने दागिन्यांवरून घेतलेलेच नसतात. ऑक्टोपस सागरी शैलीच्या मातीच्या भांड्यांवरचा, डॉल्फिन क्नॉसॉसच्या भिंतीवरचा (तोही बराचसा पुनर्रचित), आणि कानांतल्या डुलांवर दिसणारी चिन्हे १९०८ मध्ये सापडलेल्या फेस्टॉसच्या चकतीची, जी पक्क्या मातीची आहे. लिली, सर्पिल वळणे, बैलाचे मस्तक यांचीही तीच गत. आकृतिबंध जुने असले, तरी त्यांना सोन्यात एकत्र आणणारी निवड विसाव्या शतकाची आहे. त्यामुळे लालाऊनिस यांच्यासारख्यांच्या कामाला प्रतिकृती म्हणण्यापेक्षा स्वतंत्र रचना म्हणणे योग्य. पर्यटकांसाठी साच्यात ओतलेल्या मधमाश्यांना मात्र तो मान देता येत नाही. त्यांत रवेही पदकासोबतच ओतलेले असतात आणि भिंगाखाली ते लगेच कळते.