हैदराबादेतील लिनक्स आणि आवृत्तीबदलाचा प्रश्न

१९९८ मध्ये माधापूरला सायबर टॉवर्स उभे राहिले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपले भारतातील विकसन केंद्र हैदराबादेत सुरू केले. त्यामुळे या शहराच्या संगणकीय इतिहासात मोठ्या कंपन्यांचाच उल्लेख आधी येतो. तथापि पुढील काही वर्षांत हैदराबाद आणि सिकंदराबाद या जुळ्या शहरांतील लिनक्स वापरणाऱ्यांची ‘ट्विनक्लिंग’ ही संस्था कार्यरत झाली, आणि २००५ मध्ये तेलुगू भाषकांना मुक्त संगणकप्रणाली देण्याच्या हेतूने ‘स्वेच्छा’ हा प्रकल्प आकाराला आला. या मंडळींपुढचा मूलभूत प्रश्न डिस्ट्रिब्युशनच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याभोवती हजारो प्रोग्रॅम जुळवून तयार केलेल्या संपूर्ण संचाच्या, निवडीचा होता.

१९९३ पासूनच्या स्लॅकवेअरमध्ये प्रत्येक गोष्ट वापरणाऱ्याच्या हाती असे, पण एका प्रोग्रॅमला दुसरा कोणता लागतो याचा हिशेबही त्यालाच ठेवावा लागे. रेड हॅटची पॅकेज-व्यवस्था काय कमी आहे ते सांगे. ते शोधून आणण्याचे काम मात्र सुरुवातीच्या काळात माणसावरच पडे, आणि इंटरनेट मंद व महाग असताना ते काम जिकिरीचे होते. डेबियनने १९९९ मध्ये ‘ॲप्ट’ हे साधन आणल्यावर ही ओढाताण बरीच संपली. स्रोतांची यादी असलेल्या छोट्याशा फाइलमध्ये ‘वूडी’ हे जुन्या आवृत्तीचे नाव खोडून ‘सार्ज’ लिहायचे आणि दोन आज्ञा द्यायच्या, एवढ्यावर संगणक नव्या आवृत्तीत जाऊ लागला. अर्थात वूडी जुलै २००२ ची आणि सार्ज जून २००५ ची. ही जवळजवळ तीन वर्षांची प्रतीक्षा अनेकांना जड गेली, आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देणाऱ्या उबुंटूने २००४ पासून नेमकी तीच उणीव भरून काढली.

भारतीय भाषांच्या बाबतीत ही प्रतीक्षा विशेष जाचक होती. तेलुगूतील अक्षराखाली बसणारे ‘वत्तु’ किंवा मराठीतील ‘दऱ्या’मधला अर्धा र पडद्यावर योग्य दिसणे हे फाँट आणि अक्षरजुळणी करणारा प्रोग्रॅम या दोहोंवर अवलंबून असे, आणि त्यांतील सुधारणा नव्या आवृत्त्यांबरोबरच पोहोचत. जुन्या, स्थिर आवृत्तीला चिकटून राहणारा वापरकर्ता यंत्रावर ताबा राखी, पण स्वतःची भाषा नीट वाचण्याला मुके.

यावर स्वतंत्र स्थानिक डिस्ट्रिब्युशन हा उपाय आकर्षक असला तरी महागडा होता. मूळ प्रकल्पाबाहेर ठेवलेला प्रत्येक बदल दर नव्या आवृत्तीत पुन्हा बसवावा लागतो, तर ग्नोम या डेस्कटॉपच्या प्रकल्पाकडे किंवा डेबियनकडे परत पाठवलेले भाषांतर पुढील आवृत्त्यांबरोबर आपोआप येते. भाषेच्या कार्यकर्त्यांचे श्रम या दुसऱ्या वाटेने गेले तेथेच ते टिकाऊ ठरले, असे म्हणणे रास्त होईल. सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवरच आधारलेली होती, यामागील व्यवहारही याच दृष्टीने समजून घेता येतो.

ताबा म्हणजे केवळ सेटिंग बदलण्याची मुभा नव्हे, हे डिसेंबर २०२० मध्ये सर्व्हर सांभाळणाऱ्यांना प्रकर्षाने जाणवले. सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या सेंटओएस या मोफत डिस्ट्रिब्युशनच्या ज्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुधारणा मिळतील अशी अपेक्षा होती, ती २०२१ अखेर बंद करण्याचा निर्णय तेव्हा जाहीर झाला, आणि अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स हे पर्याय वर्षभराच्या आत उभे राहिले.