बिनतारी तारवाद्याचं बिऱ्हाड

मराठीत 'तार' या एका शब्दावर बरंच ओझं आहे. सतारीची तार, विजेची तार आणि एके काळी पोस्टातून येऊन घरात धस्स करणारी तार. त्यामुळे 'बिनतारी गिटार' म्हटलं की सहाही तारा उपसून काढलेलं लाकूड क्षणभर डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात जाते ती वेगळीच तार, गिटारच्या जॅकपासून अँप्लिफायरपर्यंत लोळणारी केबल. तिच्या जागी वादकाच्या कमरपट्ट्याला अडकवलेली डबी, म्हणजे ट्रान्समीटर, आणि अँप्लिफायरजवळ रिसीव्हर. या उपकरणाचा इतिहास बहुधा सुटकेची गोष्ट म्हणून सांगतात: वादक दावणीला बांधलेला होता, तंत्रज्ञानानं दावं कापलं आणि तो मंचभर हुंदडू लागला. गोष्ट खोटी नाही, पण अर्धीच आहे. केबल वादकाच्या मालकीची होती. दुकानातून आणली की ती त्याची. केबल गेल्यावर हवेतल्या ज्या वाटेवर तो विसंबला, ती त्याची कधीच नव्हती. ती सरकारची, टीव्ही केंद्रांची आणि पुढे मोबाइल कंपन्यांची. बिनतारी वाद्याचा इतिहास हा मला मुख्यतः पोटभाडेकरूचा इतिहास वाटतो, आणि या यंत्रातल्या बऱ्याचशा खुब्याही त्या पोटभाडेकरूपणातूनच आलेल्या दिसतात.

सुरुवातीपासून बघा. इंग्लंडमध्ये रेज मूर्स या गृहस्थानं १९४७ मध्ये रेडिओ मायक्रोफोन बनवला आणि १९४९ मध्ये ब्रायटनला बर्फावर सादर होणाऱ्या 'अल्लादीन'च्या खेळात एका पात्राच्या पोशाखात तो दडवला. यंत्र उत्तम चाललं. मूर्सनं त्याचं पेटंट मात्र घेतलं नाही, कारण त्यासाठी वापरलेली फ्रिक्वेन्सी बेकायदा होती. पेटंटचा अर्ज म्हणजे स्वतःच्याच गुन्ह्याची कबुली झाली असती! अमेरिकेत शूअर कंपनीनं १९५३ मध्ये 'व्हॅगाबाँड' बाजारात आणला. नाव भटक्याचं, पण भटकंतीची हद्द सुमारे ७०० चौरस फूट. मुंबईत एवढ्या जागेला ऐसपैस फ्लॅट म्हणतात, पण रंगमंचासाठी ती खोलीच. व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारी ही यंत्रं महाग आणि नाजूक होती, आणि होती ती बोलणाऱ्या-गाणाऱ्यांसाठी. वाद्याची पाळी यायला आणखी दोन दशकं लागली.

इथे एक आक्षेप लगेच येईल आणि तो दुबळा नाही. वादकांनी केबल सोडली ती नाचण्यासाठी नव्हे, जगण्यासाठी, असं कोणी म्हणेल. विजेवरच्या गिटारच्या तारा अँप्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग सदोष असेल आणि वादकाचा हात किंवा ओठ वेगळ्या यंत्रणेवरच्या मायक्रोफोनला लागला, तर तोच दोघांमधला दुवा होतो. 'स्टोन द क्रोज'चा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी स्वॉन्झीच्या मंचावर असाच गेला. 'किस' बँडचा गिटारवादक एस फ्रेली याला डिसेंबर १९७६ मध्ये फ्लॉरिडातल्या लेकलंड इथे मंचावर जबर धक्का बसला. तो वाचला आणि त्यानंतर बिनतारी यंत्रणेकडे वळला. हे सगळं मान्य. पण घर का सोडलं हा एक प्रश्न आणि नवं बिऱ्हाड कुठे थाटलं हा दुसरा. विजेच्या धक्क्यावर नीट अर्थिंग हा साधा आणि स्वस्त उपाय होताच. भीतीनं वादकाला केबलपासून दूर ढकललं असेल, पण तो जिथे जाऊन पोहोचला त्या जागेचा कायदा भीतीनं लिहिलेला नव्हता.

ती जागा होती टीव्हीची. जुन्या ॲनालॉग टीव्हीत एकाच शहरात लागोपाठचे चॅनेल सहसा देत नसत, कारण ते एकमेकांत मिसळत. म्हणून प्रत्येक शहरात काही चॅनेल मोकळे राहत, अमेरिकेत ६ मेगाहर्ट्झ रुंदीचे. नाटक, सिनेमा, संगीत यांचे छोटे ट्रान्समीटर या रिकाम्या खोल्यांत शिरले. नियमांनी परवाना ठेवला होता तो प्रसारण कंपन्यांना आणि सिनेमा-टीव्हीच्या निर्मात्यांना. रॉक बँड, नाट्यगृह, चर्च यांना तो मिळतच नव्हता. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात केन शॅफरची 'शॅफर-व्हेगा' यंत्रणा आली, कॅलिफोर्नियात जॉन नेडीनं आपली बिनतारी यंत्रं विकायला काढली आणि मोठे मंच हळूहळू केबलमुक्त झाले. तेव्हाचे बहुसंख्य वादक कायद्याच्या नजरेत घुसखोरच होते. कोणी हटकत नव्हतं, कारण कोणाचं काही बिघडत नव्हतं. उलटं मात्र व्हायचं, आपल्या गिटारमध्ये दुसऱ्याचंच बोलणं शिरायचं. १९८४ च्या 'धिस इज स्पायनल टॅप' या विनोदी सिनेमात हवाई दलाच्या तळावर वाजवताना गिटारच्या बिनतारी यंत्रातून विमानांशी चाललेलं संभाषण ऐकू येतं. हा विनोद वादकांना समजावून सांगावा लागला नसणार.

यंत्राच्या पोटात डोकावलं तर हाच पोटभाडेकरूपणा दिसतो. एफएम पद्धतीत लहर जितकी रुंद पसरू द्यावी तितकी खरखर कमी, पण या छोट्या ट्रान्समीटरना अमेरिकेत मिळाली जेमतेम २०० किलोहर्ट्झची पट्टी. गिटारची पुसट कुजबुज आणि कडाडणारा झंकार यांच्यातलं अंतर त्या बोळात मावत नाही. मग तोड निघाली ती 'कंपँडिंग'ची: ट्रान्समीटरमध्ये आवाजाची चढउतार निम्म्यावर दाबायची आणि रिसीव्हरमध्ये पुन्हा दुप्पट उलगडायची. वळकटी बांधून अरुंद जिन्यातून गादी वर न्यावी, तसलाच हा प्रकार. दोन अँटेनांच्या 'डायव्हर्सिटी' रिसीव्हरचं श्रेय मात्र मी भाडेकरूपणाला देणार नाही, ते भौतिकशास्त्राचं. थेट आलेली लहर आणि भिंतीवर आपटून आलेली लहर एखाद्या ठिकाणी एकमेकींना खाऊन टाकतात आणि तिथे आवाज गडप होतो. दोन अँटेना थोड्या अंतरावर ठेवल्या तर दोन्ही एकदम बहिऱ्या होण्याची शक्यता कमी. तरी एक आहेच. टीव्हीच्या व्हीएचएफ पट्ट्यात या ट्रान्समीटरना ताकद मिळाली ५० मिलीवॉटपर्यंतची, आणि शेजारची टीव्ही केंद्रं लाखो वॉटनं बोलत होती.

दुसरा आक्षेप आवाजाचा. वादक बिनतारीला बिचकत ते आवाज बिघडतो म्हणून, फ्रिक्वेन्सीच्या मालकीशी त्यांना काय देणंघेणं? पण पुरावा सरळ एका बाजूचा नाही. गिटारचा पिकअप आणि लांब केबल यांचं नातं गुंतागुंतीचं आहे. केबलच्या अंगच्या धारितेमुळे, म्हणजे कपॅसिटन्समुळे, वरचे स्वर मंदावतात. दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा, म्हणजे दहा मीटरला हजार. केबल काढली की आवाज जास्त उघडा होतो, आणि गंमत अशी की कित्येकांना तो करकरीत वाटला. म्हणून आज अनेक डिजिटल यंत्रांत नसलेल्या केबलचा मंदपणा मुद्दाम मिसळणारं बटण असतं. उलट बाजूला 'एसी/डीसी'चा अँगस यंग. १९८० च्या 'बॅक इन ब्लॅक'साठी त्यानं स्टुडिओतही शॅफर-व्हेगा वापरली. तिथे धावायला जागा नव्हती, केबलची अडचणही नव्हती; हवा होता तो त्या यंत्रातल्या दाबण्या-उलगडण्यानं येणारा रंग. अरुंद खोलीपायी केलेली तडजोड अशी आवाजाची ओळख होऊन बसली.

मंचावर बिनतारी यंत्रांची मांडणी करणाऱ्या तंत्रज्ञाचं काम पाहिलं तर ते संगीतापेक्षा भूमापकाच्या कामाशी अधिक मिळतंजुळतं, इंच इंच मोजून कोणाची हद्द कुठे ते ठरवणारं. आधी सगळे ट्रान्समीटर बंद ठेवून रिसीव्हरनं हवा चाचपायची, कोण आधीच मुक्कामाला आहे ते बघायचं. मग मोकळ्या जागा वाटायच्या, आणि इथे नवखा माणूस फसतो, कारण समान अंतर त्याला न्याय्य वाटतं. समजा, तीन वादकांना ५००.०, ५००.४ आणि ५००.८ मेगाहर्ट्झ दिले. पहिल्या दोन लहरी एकमेकींत मिसळून नव्या लहरी तयार होतात. दुसरीच्या दुपटीतून पहिली वजा केली की येतं ५००.८, म्हणजे थेट तिसऱ्याच्या डोक्यावर. म्हणून अंतरं मुद्दाम वेडीवाकडी ठेवतात. रिसीव्हरच्या अँटेना वादकाला थेट दिसतील अशा उंचीवर लावायच्या, कारण पाण्यानं भरलेलं माणसाचं शरीर लहरी शोषतं. शेवटी सगळ्या डब्या एकदम सुरू करून, माणसं मंचावर हिंडवून पुन्हा ऐकायचं.

रिकाम्या खोल्या मालकाला दिसल्या तेव्हा हा संसार हलला. डिजिटल टीव्हीत चॅनेल खेटून बसवता येतात. अमेरिकेत २००८ मध्ये ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा लिलाव झाला, जवळपास १९ अब्ज डॉलरचा, आणि १२ जून २०१० पासून त्या पट्ट्यात बिनतारी मायक्रोफोन व वाद्यं वापरायला बंदी आली. मराठी वृत्तपत्रं स्पेक्ट्रमला 'ध्वनिलहरी' म्हणतात तेव्हा विज्ञानाचे शिक्षक कपाळावर हात मारतात, कारण त्या ध्वनीच्या लहरी नव्हेत. वादकांपुरता मात्र तो शब्द चपखल बसला: लिलाव त्यांच्या ध्वनीचाच झाला. २०१० च्याच जानेवारीत तिथल्या नियामक आयोगानं उरलेल्या टीव्ही पट्ट्यात विनापरवाना वापराला मुभा दिली. घुसखोरी कायदेशीर झाली ती घर अर्धं गेल्यावर. ब्रिटनचा दाखला देऊन कोणी म्हणेल की तिथे संगीतकारांना रीतसर परवाना होता, चॅनेल ६९ त्यांच्यासाठी राखलेला होता. होता खरा. पण २०१२ मध्ये तोही मोबाइलसाठी रिकामा करून घेतला, काही जुन्या यंत्रांची भरपाई दिली आणि मंडळींना चॅनेल ३८ मध्ये हलवलं. ती जागा तोवर खगोलशास्त्रज्ञांच्या रेडिओ दुर्बिणींसाठी शांत ठेवलेली होती.

मग २.४ गिगाहर्ट्झचं काय, असा शेवटचा आणि सगळ्यात मोठा आक्षेप उरतो. तिथे परवाना नको, लिलावाची भीती नको. आज बाजारात मिळणारी, गिटारच्या जॅकमध्ये थेट खुपसायची कित्येक डिजिटल यंत्रं याच पट्ट्यात चालतात. भारतात हा पट्टा २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला, म्हणून महाराष्ट्रातला कोणीही वादक असं यंत्र निर्धास्तपणे घेऊ शकतो. मात्र त्याच नियमात लिहिलं आहे की दुसऱ्याला अडथळा करायचा नाही, स्वतःसाठी संरक्षण मागायचं नाही आणि जागा सगळ्यांबरोबर वाटून घ्यायची. म्हणजे ही खोली नव्हे, धर्मशाळा. वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे इथेच. रिकाम्या सभागृहात दुपारी निर्दोष चाललेलं यंत्र संध्याकाळी हजार फोन खिशात घेऊन प्रेक्षक आले की अडखळू शकतं. तिथे तक्रार कोणाकडे करणार? म्हणून मोठ्या कार्यक्रमांचे तंत्रज्ञ आजही टीव्हीच्या पट्ट्याला चिकटून असतात.

आणि तो पट्टा आक्रसतोच आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत मोठी नाट्यगृहं आणि ध्वनिकंपन्या परवान्याला पात्र ठरल्या, अट अशी की नेहमीच्या कामात ५० किंवा अधिक बिनतारी यंत्रं हवीत. चौघांच्या बँडला तो दरवाजा बंदच राहिला. २०१७ मध्ये ६०० मेगाहर्ट्झचा लिलाव १९.८ अब्ज डॉलरवर संपला आणि १३ जुलै २०२० ही तो पट्टा रिकामा करण्याची मुदत ठरली. नव्या आराखड्यात मोबाइलच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या लहरी एकमेकींना भिडू नयेत म्हणून मध्ये ११ मेगाहर्ट्झची फट सोडावी लागली, ६५२ ते ६६३. तिच्यातले पहिले १ मेगाहर्ट्झ मोकळे ठेवून, पुढचे ४ परवानाधारकांना आणि उरलेले ६ इतर सगळ्यांना मिळून वापरायला दिले आहेत.