तलवारबाजीच्या पोथीचा सातशे वर्षांचा प्रवास

युरोपातील तलवारबाजीवरची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी पोथी इंग्लंडमधील लीड्स येथे, रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयात आहे. ‘आय.३३’ हा नोंदणी क्रमांकच तिचे नाव होऊन बसला आहे. इ.स. १३०० च्या सुमारास जर्मनीत ती चर्मपत्राच्या बत्तीस पानांवर लिहिली गेली. भाषा लॅटिन, मात्र डावपेचांची काही नावे जर्मन. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात लहान ढाल घेऊन लढायला शिकविणारा गुरू चक्क ख्रिस्ती धर्मोपदेशक आहे. आणि अखेरच्या पानांवर शिष्याची जागा वालपुर्गिस नावाची एक स्त्री घेते!

पोथी कोणाकोणाच्या हातून गेली, याचा सर्वांत महत्त्वाचा दुवा दुसऱ्याच पुस्तकात मिळतो. हाइनरिश फॉन गुंटररोट याने १५७९ मध्ये तलवारविद्येवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो, की ही पोथी फ्रँकोनिया प्रांतातील एका मठात होती आणि तेथून ती वुर्झबुर्गचा योहान्स हेरवार्ट याच्या हाती आली. हेरवार्ट हा तलवारबाजीचा उस्ताद. १५५२-५३ च्या सुमारास ब्रांडेनबुर्ग-कुल्मबाखचा सरदार आल्ब्रेख्त याच्या मोहिमेत तो सैनिक होता आणि या फौजेने फ्रँकोनियात मोठी लूटमार केली. थोडक्यात, मठाबाहेरच्या मालकीची सुरुवातच लुटीने होते.

पुढे पोथी साक्स-गोथा येथील ड्यूक घराण्याच्या ग्रंथालयात दाखल झाली. तेथे तिला चर्मपत्रांच्या पहिल्या विभागात ११५ हा क्रमांक मिळाला. ग्रंथालयाचा असा क्रमांक ही रूक्ष बाब वाटते खरी. परंतु हरवलेले पुस्तक पुन्हा समोर आले की ते तेच, हे पटविण्यास असल्याच नोंदी उपयोगी पडतात.

वस्तूचा माग ठाऊक असणे किती मोलाचे, हे वऱ्हाडच्या वाचकाला निराळे सांगायला नको. अनसिंग ज्या वाशीम तालुक्यात आहे, त्या वाशीमलाच १९३९ मध्ये वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. वत्सगुल्म म्हणजेच वाशीम आणि तेथे वाकाटकांची स्वतंत्र शाखा नांदत होती, हे त्यातून स्पष्ट झाले. उलट जुलै २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात कर्जाऊ आलेल्या वाघनखांचा माग साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्यापर्यंत जातो. त्यापलीकडे ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच होती, अशी खात्री व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयही देत नाही.

गोथाची पोथी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत नाहीशी झाली. एप्रिल १९४५ मध्ये गोथा अमेरिकी फौजांच्या ताब्यात आले, जुलैत ते सोव्हिएत अमलाखाली गेले. ग्रंथालयातील बहुतेक संग्रह सोव्हिएत संघात नेण्यात आला व १९५६ मध्ये तो परत आला. पण ही पोथी त्या परतीच्या पेट्यांत नव्हती, कारण ती सहा वर्षे आधीच लंडनमध्ये विकली गेली होती. मार्च १९५० मध्ये सदबीज या लिलावगृहाने ती विक्रीस काढली आणि रॉयल आर्मरीजने, म्हणजे तेव्हाच्या लंडन टॉवरमधील शस्त्रागाराने, ती विकत घेतली. म्हणून काही अभ्यासक तिला आजही ‘टॉवर हस्तलिखित’ म्हणतात.

१९९६ मध्ये रॉयल आर्मरीजचे नवे संग्रहालय लीड्सला उघडले. २००३ मध्ये जेफ्री फोर्गेंग यांनी पोथीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. युरोप-अमेरिकेतील हौशी तलवारबाज आता तिच्यातील सात पवित्र्यांचा सराव करतात.