नरक्या: नाव नरकाचं, काम अमृताचं

पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळ्याच्या डोंगरात राहणाऱ्यांना नरक्याचं झाड माहीत आहे. फुलांना वास इतका घाण, की नावच नरक्या पडलं. काही भागांत मात्र ह्याच झाडाला अमृता म्हणतात. दोन्ही नावं खरी कशी, ते आज आपण पाहू.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, पण तिच्यातला एक माणूस आपल्या महाराष्ट्रातला. मनसुख वाणी १९२५ साली नंदुरबारला जन्मले. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते पुढे अमेरिकेला गेले. तिथे मन्रो वॉल यांच्यासोबत काम करताना त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं अल्कलॉइड वेगळं काढलं. ते १९६६ साली जगापुढे आलं. अल्कलॉइड म्हणजे झाडात तयार होणारा, बहुधा कडू आणि अंगावर जोरात परिणाम करणारा पदार्थ. तंबाखूतलं निकोटिन आणि चहातलं कॅफिन हीही अल्कलॉइडच.

चिनी लोक त्या झाडाला आनंदाचं झाड म्हणतात. १९७२ साली टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन ह्या आपल्या शास्त्रज्ञांनी तेच औषधी द्रव्य आपल्या नरक्यात असल्याचं दाखवलं. चीनचा आनंद आणि आपला नरक, दोन्हींच्या पोटात एकच औषध निघालं!

पण वाट सोपी नव्हती. सुरुवातीच्या चाचण्यांत रुग्णांना फार त्रास झाला आणि काम थांबलं. १९८५ च्या सुमारास हे द्रव्य काम कसं करतं ते कळलं. पेशी वाढताना तिच्यातल्या धाग्याचा पीळ सोडवावा लागतो. त्यासाठी धागा क्षणभर तुटतो आणि पुन्हा सांधला जातो. हे औषध तो सांधूच देत नाही. भराभर वाढणारी कर्करोगाची पेशी त्यामुळे मरते. ह्याच द्रव्यात बदल करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं झाली. १९९६ साली अमेरिकेत दोन्हींना परवानगी मिळाली. टोपोटेकन बायकांच्या अंडाशयाच्या कर्करोगावर आणि पुढे गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरही वापरलं जाऊ लागलं. इरिनोटेकन मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर देतात.

औषधाला मागणी आली आणि सह्याद्रीत कुऱ्हाडी चालल्या. हजार किलो लाकडातून द्रव्य निघतं जेमतेम काही किलो, म्हणून झाडंच्या झाडं तोडून, तुकडे करून पोत्यांतून गेली. तोडणाऱ्याच्या हाती दिवसाची मजुरी आली, नफा दूरच्या दूर राहिला. पकडला गेला तर गुन्हा मात्र त्याच गरिबावर. कोयना आणि चांदोलीचं जंगल आज सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथली तोड कायद्यानं बंद आहे. पण नुसत्या कायद्यानं झाड वाचत नाही. बियांपासून नरक्याची रोपं होतात. बचत गटाची रोपवाटिका असेल, तर वनखात्याशी बोलून हे काम आपल्यालाही करता येईल.

आपल्या अंगणातली सदाफुलीही ह्याच मालिकेतली. तिच्यातल्या अल्कलॉइडांपासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं झाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिन फार कामाचं ठरलं.

म्हणून सदाफुलीची पानं वाटून पिऊ नका, नरक्याची साल उकळू नका. ही विषं आहेत. दवाखान्यात त्यांचा थेंब न् थेंब मोजून, रक्त तपासून देतात. घरी ते माप कुणाकडे नाही. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं, अंगावरून घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, छातीत गाठ लागली, तर लाजून घरी बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, सोबतीला गटातली एखादी मैत्रीण घ्या. झाडानं औषध दिलं, शास्त्रज्ञांनी ते शोधलं. पण बाई वेळेवर पोचली, तरच ते तिच्या कामी येतं.