खोडदची रेडिओ दुर्बीण आणि गुरुत्वीय लहरींचा शोध : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पुणे–नाशिक रेल्वेचा नारायणगाव–संगमनेर मार्ग खोडद येथील रेडिओ दुर्बिणीस बाधक ठरेल, म्हणून तो व्यवहार्य नसल्याचे केंद्र शासनाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. साहजिकच अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेर परिसरात नाराजी उमटली. ज्या दुर्बिणीसाठी ही किंमत मोजावी लागते, तिचे योगदान कोणते, याचा आढावा प्रस्तुत लेखात एका संशोधनाच्या आधारे घेतला आहे.

कल्पनेचा उगम :
ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठविणारा पहिला स्पंदक तारा (पल्सार) १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना आढळला. अशा ताऱ्यांचा घड्याळासारखा उपयोग करून गुरुत्वीय लहरी शोधता येतील, हे स्टीव्हन डेटवायलर यांनी १९७९ मध्ये दाखविले. १९८२ मध्ये डोनाल्ड बॅकर, कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी व सहकाऱ्यांनी सेकंदास सुमारे ६४२ फेऱ्या घेणारा स्पंदक शोधला आणि अत्यंत नियमित घड्याळ हाती आले. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांपासून निघालेल्या लहरींमुळे स्पंद किंचित लवकर वा उशिरा पोहोचतात. हा फरक दोन स्पंदकांमधील कोनानुसार कसा जुळावा, हे हेलिंग्ज व डाउन्स यांनी १९८३ मध्ये गणिताने मांडले.

खोडदचे योगदान :
गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही दुर्बीण (जीएमआरटी) २००१ मध्ये समर्पित झाली. कमी कंप्रता हे तिचे बलस्थान होय. ताऱ्यांमधील अवकाशातील इलेक्ट्रॉनांमुळे स्पंदास होणारा विलंब कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून तो कमी कंप्रतेवर अधिक अचूक मोजता येतो. तो वजा न केल्यास गुरुत्वीय लहरींचा आभास निर्माण होऊ शकतो. ‘इंडियन पल्सार टायमिंग ॲरे’ गटाची साडेतीन वर्षांची निरीक्षणे युरोपीय गटाच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदींशी जोडली गेली आणि २५ स्पंदकांवर आधारित पुरावा २९ जून २०२३ रोजी जाहीर झाला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया व चीनमधील गटांचे निष्कर्षही त्याच वेळी प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष :
हा पुरावा ‘पाच सिग्मा’ या रूढ कसोटीपर्यंत पोहोचलेला नव्हता. या लहरींचे एकेक आंदोलन काही वर्षे चालते. त्यामुळे निरीक्षणात पडलेला खंड मागाहून भरून काढता येत नाही. यास्तव खोडदची रेडिओ शांतता जपणे अगत्याचे ठरते. मात्र तिचा भार एकट्या परिसराने वाहावा, असा याचा अर्थ नव्हे. दळणवळणाची पर्यायी सोय करणे, हाही त्याच वैज्ञानिक गुंतवणुकीचा भाग मानला पाहिजे.