मध्यरात्रीचं नागपूर, चार दिशांची विमानं

हावड्याहून येणारी गाडी कन्हान स्टेशन सोडते, नदीवरचा पूल ओलांडते आणि कामठीमार्गे नागपुरात शिरते. लोहमार्गाने हावडा ते नागपूर 1131 किलोमीटर, तिथून मुंबई आणखी 837. स्वातंत्र्याच्या सुमारास कोलकात्याचं पत्र मुंबईला निघालं, की गाडीतच त्याचा दीड दिवसाहून जास्त वेळ जायचा.

30 जानेवारी 1949 ला हे गणित बदललं. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास इथून टपाल घेऊन रात्री विमानं उडू लागली आणि मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येऊ लागली. धावपट्टीलगत थैल्यांची अदलाबदल होई, प्रवासीही विमान बदलत आणि पहाटेपर्यंत टपाल चारही शहरांत पोहोचे. संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या माणसाच्या हातात!

नागपूरच का? नकाशावर मुंबईपासून कोलकात्यापर्यंत सरळ रेघ ओढली, तर हवाई अंतर सुमारे 1660 किलोमीटर भरतं. नागपूरमार्गे गेलं तर मुंबई-नागपूर 680 आणि नागपूर-कोलकाता 985, म्हणजे जेमतेम पाच किलोमीटर जास्त. दिल्ली-मद्रासचंही तेच. सरळ 1760 आणि नागपूरमार्गेही जवळपास तेवढंच. चार शहरांमधल्या दोन सर्वांत लांब वाटा या एका गावावर एकमेकींना छेदतात आणि थांबा घेऊनही वाट वाकडी होत नाही. मुंबई-मद्रासला मात्र हा फेरा महागात पडे. सरळ हजारेक किलोमीटरच्या जागी जवळपास 1600. तरीही चार शहरांमधल्या सहा जोड्यांसाठी सहा वेगळे मार्ग चालवण्यापेक्षा ही व्यवस्था कितीतरी सोपी होती. अमेरिकेत मेम्फिस शहरातून फेडरल एक्स्प्रेसने रात्रीच्या पार्सलांसाठी हीच पद्धत सुरू केली ती 1973 मध्ये. नागपूर तिच्या 24 वर्षं पुढे होतं, ही गोष्ट नागपूरकरांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे.

डाकोटा विमानाचा वेग ताशी 270 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे मुंबईहून अडीच तास, कोलकात्याहून साडेतीनहून जास्त. 1 एप्रिल 1949 पासून देशांतर्गत पत्रं जादा आकार न घेता विमानाने पाठवण्याची योजना लागू झाली आणि या रात्रीच्या फेऱ्यांचा लाभ साध्या पत्रापर्यंत आला.

या सेवेने किंमतही मोजली. 12 डिसेंबर 1953 ला मद्रासकडे निघालेलं डाकोटा नागपूरहून उडताच कोसळलं आणि 13 जण गेले. खासगी कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स त्याच वर्षी उभी राहिली होती. रात्रीची सेवा तिने पुढे चालू ठेवली.

पुढे विमानंच बदलली. 1964 मध्ये कॅराव्हेल जेट आली, 1970 च्या सुमारास बोइंग 737. मुंबई-कोलकाता हे अंतर आता मध्ये न थांबता अडीच-तीन तासांत कापता येऊ लागलं आणि सत्तरच्या दशकात मध्यरात्रीची अदलाबदल बंद पडली. 2002 मध्ये राज्याने विमानतळ विकास कंपनी स्थापन करून मिहान प्रकल्प हाती घेतला, तो मालवाहतुकीचं केंद्र नागपुरात असावं या विचाराने. त्यामागचा भूगोल 1949 चाच होता.